दुरुस्तीचा अंदाज

"इंजिनसुद्धा लिहा, मिस्त्री," ती म्हणाली.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. गॅरेजच्या कोपऱ्यात तिच्या नवऱ्याची टॅक्सी उभी होती. नाक आत दबलेलं, काचेवर तड्यांचं जाळं, एक दिवा तारेला लोंबकळत होता.

"ताई, इंजिनाला काही झालेलं नाही. पत्राकाम आहे, रेडिएटर आहे. महिन्याभरात रस्त्यावर आणून देतो."

"म्हणूनच सांगते. उद्या विम्याचा सर्व्हेअर येणार. खर्च इतका दाखवा, की त्यांनी गाडी मोडीतच काढली पाहिजे."

"आणि कर्ज? विम्याचे पैसे आधी फायनान्स कंपनी उचलणार. त्यात सगळं फिटायचं नाही. उरलेलं तुमच्याच गळ्यात."

"माझ्या बांगड्या आहेत. तुमचंही मी वेगळं देईन."

"यजमानांना विचारलंत?"

"त्यांना कळता कामा नये. गाडीत जीव आहे त्यांचा." तिने आवाज आणखी खाली आणला. "दिवेलागणीला त्यांना नीट दिसत नाही हल्ली. परवा चहा कपाबाहेर ओतला. सगळ्यांना सांगतात, कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं काही नव्हतं, मिस्त्री. समोरचा खांबच दिसला नाही. या वेळी मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी?"

मिस्त्री काहीतरी बोलणार होता. मग त्याने पाना उचलला आणि पुसत बसला. "बघतो," एवढंच म्हणाला.

टॅक्सी घ्यायची कल्पना तिचीच होती. नवरा तेव्हा गोदामात माल मोजायचा. "स्वतःची गाडी असली की कुणाचा हुकूम ऐकायला नको," ती म्हणाली होती, आणि त्याने मान डोलावली होती. रोज पहाटे ती त्याच्या आधी उठायची, डबा भरायची, तो गाडी धूत असताना दारात उभी राहायची. दुपारी फोन करून किती फेऱ्या झाल्या ते विचारायची. त्याच्या कष्टात आपली तेवढीच सोबत, असं तिला वाटे.

सर्व्हेअर आला. गाडीभोवती फिरला, फोटो काढले, मिस्त्रीने दिलेला अंदाज वाचला. प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून नवरा त्याच्या मागेमागे होता.

"साहेब, काहीतरी करा. पोटावर पाय देऊ नका."

"अहो, मी पोटं तपासत नाही, गाड्या तपासतो. दुरुस्तीला एवढा खर्च असेल तर कंपनी गाडी परत उभी करत नाही. संपली ही."

नवरा जुन्या टायरांच्या ढिगावर बसला आणि चांगल्या हाताने त्याने तोंड झाकून घेतलं. ती भिंतीकडे बघत राहिली. मिस्त्री आत निघून गेला.

संध्याकाळी नणंद आली. "दादाचं तोंड बघवत नाही गं," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "आणि वहिनी, तू मात्र शांत! स्वयंपाकसुद्धा वेळेवर."

"वन्सं, जेवायला तर लागतंच ना."

"तुझं बरं आहे बाई. पोट भरलं की झालं."

कर्जातलं जे उरलं, ते बांगड्यांनी फेडलं. मोकळे हात त्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती लांब बाह्यांची पोलकी घालू लागली. नवरा पुन्हा गोदामात जायला लागला. घरी आला की ताट पुढे सरकवून म्हणायचा, "तुला काय? गाडी माझी गेली." ती ऐकून घ्यायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की तो तोडून टाकायचा, "गोदामात कुठला रस्ता बघायचाय मला?"

खोटं बोलायचं नाही, हा तिने स्वतःला घालून घेतलेला नेम. तो मोडल्यापासून सकाळच्या प्रार्थनेत तिने काही मागणं सोडलं होतं. नुसती हात जोडून बसे. देवाला सगळं ठाऊक होतं, पण ज्याला सांगायला हवं होतं तो समोर बसून निमूट भाकरी मोडत होता. एका सकाळी हात जोडले असतानाच तिने ठरवलं. मिस्त्रीचे पैसे चुकते करायचे, आणि नवरा कामावरून आला की त्याच्यासमोर बसून सगळं सांगून टाकायचं. मग तो काहीही म्हणो. घराबाहेर काढलं तरी चालेल.

गॅरेजमध्ये तिच्या टॅक्सीच्या जागी आता दुसरी कुणाची गाडी होती. तिने पैशांची पुडी पुढे केली. मिस्त्रीने हात मागे घेतला.

"नको, ताई."

"घ्या हो. बोलले होते मी. माझ्यापायी तुम्ही खोटं लिहिलंत, त्याचं ओझं आहे माझ्यावर. आज त्यांनाही सांगून टाकणार आहे."

"काय सांगणार?"

"हेच, की गाडी वाचली असती. मीच वाचू दिली नाही."

मिस्त्री स्टुलावर बसला. त्याने हाताची काळी बोटं फडक्याने पुसली.

"ताई, मला शपथ घातली होती. पण एका कामाचे दोघांकडून घ्यायचे, हे माझ्याने व्हायचं नाही."

"दोघांकडून?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी यजमान येऊन गेले होते. इंजिन त्यांनीच आधी लिहायला लावलं. मीही म्हटलं, अहो, चांगली गाडी आहे, महिन्याभरात देतो. तर माझ्यावरच भडकले. म्हणाले, 'बायकोला टॅक्सी नको म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून जिवावर उदार होऊन ठोकली. आणि तुम्ही ती दुरुस्त करून देताय होय?'"