शकूच्या वाटचा नमस्कार

शकूच्या पायाच्या बोटांतला कुंचला कागदाला टेकला, तशी शेजारी बसलेल्या आत्याने हात जोडले. जन्मतः हात नसलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या शकूचा पाय कागदाला लागला की तिच्या वाटचा नमस्कार आत्याच करायची.

शकूच्या सत्काराला जमलेल्यांना वाटलं, बाई आपल्यालाच नमस्कार करतायत. तेही दर फटकाऱ्याला हात जोडू लागले.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे म्हणाले, "आता एक गणपती काढा!"

आत्याने जोडलेले हात सोडले. देवाला पाय लावायचा? हे काही नमस्कारावर भागणारं नव्हतं. तिने स्टेजवरच तांब्या मागवला, शकूचे पाय धुतले, अंगठ्यांना हळदकुंकू लावलं आणि दरडावलं, "आजपासून हे हातच समज. काढ आता!"

शकूने दोन्ही पाय उचलून जोडले आणि पहिल्यांदाच आपला नमस्कार आपण केला. आत्याला.