दोन प्रती

लग्नानंतर पुस्तकं लावताना मृदुलाला आपली लाडकी कादंबरी कपाटात दोनदा दिसली. एक तिची, एक श्रीरंगची.

“दोन काय करायच्यात? एक वाचनालयाला देऊन टाकू,” तो म्हणाला.

तिनं त्याची प्रत सहज चाळली. समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. एके ठिकाणी, ‘इथे रडलो.’ हा माणूस रडतोसुद्धा! दुसऱ्याच दिवशी तिनं गुपचूप स्वतःची प्रत वाचनालयात दिली.

रविवारी पाहते तर कपाटात एकही नाही!

“माझी मी देऊन टाकली,” श्रीरंग ओशाळून म्हणाला. “तुझी ठेवायची होती. तू कुठली पानं दुमडलीस, ते बघायचं होतं मला.”

दोघं धावतच वाचनालयात पोचली. ग्रंथपालबाईंनी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. “कुणाची कोणती?”

दोघांनी एकदमच हात पुढे केले आणि एकमेकांची उचलली.