आठवी खूण

आठपैकी सात खुणा जुळल्या होत्या. आठवी जुळत नव्हती.

हुस्नाने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. वरच्या ओळीत सात नंबरची कोल्हीण, खालच्या ओळीत गेल्या बुधवारी आलेला नमुना, तोही मादीचा. जुळला नाही, तर ही दुसरी कोल्हीण. नंबर बारा.

दोहाबाहेरच्या त्या पट्ट्यातून नवा रस्ता जाणार होता. त्याआधी तिथले कोल्हे मोजायचे होते. कोल्हा हाती लागत नाही, म्हणून त्याची विष्ठा गोळा करायची, तिच्यातल्या डीएनएच्या आठ खुणा वाचून जनावराला नंबर द्यायचा आणि पुढच्या फेऱ्यांत तोच नंबर किती वेळा परत येतो ते बघायचं. जुनेच नंबर येत राहिले की समजायचं, जनावरं थोडी आहेत. पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला सहा महिने एकच नंबर येत होता, सात.

नियम सरळ होता. तिथे एकच जनावर असेल तर पकडून राखीव क्षेत्रात हलवायचं. दोन असतील तर जागा त्यांची मानायची आणि रस्त्याला वळण द्यायचं.

दुपारी मजीदचाचा लॅबच्या खिडकीशी आले. श्रीवर्धनचे, साठीला टेकलेले. गाडी तेच चालवायचे, वाळूतून नमुनेही तेच वेचून आणायचे.

"काय गो बाय, सापडली का माझी दुसरी?"

"एक खूण जुळत नाही. पण नमुना उन्हात पडलेला होता, चाचा. अशात एखादी खूण कधी कधी उमटतच नाही. मग एकाच जनावराची कागदावर दोन होतात. आम्ही त्याला भूत म्हणतो."

"भूत नाय ते. दोन आहेत. मगरिबच्या सुमाराला, दिवस बुडताना बघितल्या मी. एक टेकाडावर, एक खाली."

"दोघी एकदम?"

"एकदम नाय. ही गेली नि ती दिसली."

"मग तीच फिरून आली असेल. फोटो काढलात?"

"माझ्या फोनात तुझ्या चाचीचा फोटो नीट येत नाय. कोल्हीण कुठली थांबते?"

ती हसली. "तुम्हाला ती तिथून जायला नकोय."

"नकोच. दिवसभर त्या वाळूत बोलायला दुसरं कोण आहे?"

"ती बोलते?"

"ऐकते. घरचे तेवढंही करत नाहीत." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "माझ्या नि माझ्या भावाच्या आठ खुणा जुळतील काय गो?"

"चार-पाच जुळतील. सख्ख्या भावंडांच्या, माणसं असोत की कोल्हे, आठही जुळल्या असं हजारात एखाद्या वेळी होतं."

"बरं झालं. त्याची पापं माझ्या नावावर नकोत."

ते गेले. खिडकीतली ती पाच मिनिटं संपली. आठवड्यात हुस्ना मराठी बोलायची ती एवढीच. दोहातल्या मुऐदर भागातल्या व्हिलात तिच्या शेजारच्या खोल्यांत मल्याळी नर्सेस होत्या. ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी. दापोलीला फोन लावला की आई "तुला कामं असतील" म्हणून लगेच ठेवून द्यायची.

टीम लीडर फैसलने दारातून डोकं आत घातलं. "रविवारी रिपोर्ट जायला हवा. पूर्वेला एक की दोन?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"उद्या सांगते."

"सांग, म्हणजे खलास."

दोन लिहिले असते तरी कोणी तपासणार नव्हतं. कोल्हीण राहिली असती, मोजणी वर्षभर चालली असती, दर बुधवारी चाचा आले असते. हे तिला नीट कळत होतं. म्हणूनच तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही.

उरलेल्या नमुन्यातून तिने आणखी तीन वेळा तपासणी केली. तिन्ही वेळा आठवी खूण उमटली आणि जुळली. तिने बारा नंबर खोडला, पूर्व टोकापुढे 'एक' लिहिलं आणि सही केली.

आठवड्याच्या आत सात नंबर पिंजऱ्यात आली. राखीव क्षेत्रात तिला महिनाभर जाळीच्या आवारात, कॅमेऱ्यासमोर ठेवणार होते. तिच्या जागेवरची सगळी विष्ठा चाचांनी त्याच दिवशी वेचून काढली. मग त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं. बुधवार आले आणि गेले. खिडकी बंदच राहिली.

हुस्ना डबा खाताना त्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर लावून बसायची. कोल्हीण जाळीशी बसलेली असायची. उंदीर टाकले तर अर्धे तसेच राहायचे. "रुळेल," फैसल म्हणाला.

चौथ्या आठवड्यात, रस्त्याची मशिनं लागण्याआधीची त्या जागेची शेवटची तपासणी होती. खिडकीवर टकटक झाली. तिने जवळजवळ धावतच ती उघडली.

"चाचा! किती दिवसांनी."

मजीदचाचांनी पिशवी पुढे केली. "तिच्याच टेकाडावरची आहे. आज सकाळी ओली होती."

"म्हणजे नवीन कोणीतरी आलं. जागा रिकामी दिसली की येतात."

"तू बघ नि सांग," ते म्हणाले. आज ते थांबले नाहीत.

तिने नमुना त्याच दिवशी तपासणीला लावला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा उघडला, कॅमेरा लावला आणि निकालाची वाट बघत बसली. साठ किलोमीटरवर, जाळीला नाक लावून, सात नंबर बाहेर बघत होती.

शेजारच्या पडद्यावर निकाल आला. आठच्या आठ खुणा जुळल्या होत्या. नंबर सात.