मांगरातला निळा उजेड

“ताडपत्री काढ गो,” बाबली म्हणाला. त्याच्या हातात कोयता होता.

संचिता जागची हलली नाही. तिच्या मागे, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, दाराएवढी लांबरुंद वस्तू झाकून ठेवलेली होती. जाळी ठेवायच्या त्या झापाच्या खोपटाच्या, मांगराच्या तोंडाशी रापणीचे सगळे भागीदार दुपारचं ऊन पाठीवर घेऊन उभे होते, आणि त्यांच्या पुढे त्यांचा म्होरक्या, म्हणजे तिचा बाप बाबली.

रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं. भर समुद्रात एलईडीचे दिवे पेटवून मासळी गोळा करणाऱ्या बोटी आल्या, तेव्हापासून ते जाळं बरेचदा नुसतं शेवाळ घेऊन यायचं. गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला वाडीने नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती, की असल्या बोटीवर कोणी पाऊल टाकायचं नाही. पहिला हात बाबलीने ठेवला होता.

आणि काल तिन्हीसांजेला त्याच्याच मांगराच्या फटींतून निळा उजेड बाहेर पडताना रापणीतल्याच गंगारामने पाहिला. मालवणात बातमीला वल्हं मारावं लागत नाही. बाबलीची मुलगी बोटवाल्यांना दिवे करून देते, हे सकाळी पलीकडच्या वाडीतही पक्कं झालं होतं.

“टाकीसाठी आसा ता, बाबा. कितीदा सांगू? केंद्रातल्या प्रवाळाच्या टाकीसाठी.”

“माशांच्या टाकीक येवढो उजेड?” गंगाराम मागून म्हणाला. “मासे काय थंय अभ्यासाक बसतत?”

कोणी हसलं नाही.

“माशांका नको. प्रवाळाक व्हयो. झाडाक ऊन लागता तसो.”

ती किनाऱ्यावरच्या सागरी संशोधन केंद्रात दिव्यांचं आणि पंपांचं काम बघायची. पर्यटकांच्या बोटींच्या नांगरांनी मोडलेले प्रवाळाचे तुकडे तिथल्या खोलीएवढ्या टाकीत जगवायला ठेवले होते. बरे झाले की ते पुन्हा समुद्राच्या तळाशी लावायचे. पावसाळ्यात वीज पडून टाकीवरचे जुने दिवे गेले. बाजारातले आणून पाहिले, तर त्यांचा उजेड अर्ध्या पाण्यातच संपायचा. म्हणून तिने स्वतःच ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर निळ्या-पांढऱ्या एलईडींच्या रांगा बसवल्या, प्रत्येकीवर भिंग लावलं, मागे पंखे जोडले. तोवर प्रवाळ पांढरं पडायला लागलं होतं. आता हा दिवा फुटला, तर दुसरा होईपर्यंत त्यातलं काही उरणार नव्हतं.

“माका खोटा चलत नाय,” बाबली म्हणाला.

हे त्याचं वाक्य वाडीला तोंडपाठ होतं. मासळीची वाटणी तोच करायचा आणि त्याने मांडलेले वाटे कोणी तपासून बघत नसे. संचिता त्या वाक्यावरच लहानाची मोठी झाली होती. तिला कोयत्याची भीती वाटत नव्हती. बापाला आपण खोट्या वाटतो, याचंच तिला रडू येत होतं.

गंगाराम पुढे झाला आणि त्याने ताडपत्री ओढली. भिंगांच्या रांगांवर दारातलं ऊन पडून सगळा मांगर चमकला. बाबलीने झटकन डोळ्यांवर हात धरला. गेल्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याला बहिणीकडे राहून तो वेल्डिंगचं काम करून आला, तेव्हापासून त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे. घरातली साधी ट्यूबही तो लावू द्यायचा नाही.

“ह्योच तो,” गंगाराम म्हणाला. “बाबली, दी कोयतो. तुझ्या हातान होवचा नाय.”

बाबलीने कोयता दिला. संचिता हात पसरून दिव्यासमोर उभी राहिली.

“बाबा, एकदा नीट बघा तरी. मगे फोडा.”

बाबली वाकला. डोळे बारीक करून त्याने दिवा पुढून पाहिला, मग मागच्या बाजूने हात फिरवला. पंख्यांवर त्याची बोटं थांबली. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि चेहरा पार उतरला होता.

गंगारामने कोयता उचलला.

“थांब,” बाबली म्हणाला. “ह्यो बोटीचो दिवो न्हय.”

“कशावरना?”

“मागे उघडे पंखे आसत. खाऱ्या वाऱ्यात ते टिकाचे नाय. बोटीरचो दिवो चारी बाजून बंद असता. पाण्यात सोडूचो तो तर भोपळ्यासारखो गोल, खाली शिसा बांधलेला. नायतर पाण्याच्या वडीन आडवो जाता.”

हे सगळं तो एका दमात बोलला. गंगारामचा हात आपोआप खाली आला.

“बाबली,” त्याने हळूच विचारलं, “तुका ह्या कसा ठावक?”

संचिताने बापाच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. वेंगुर्ल्याच्या आत्याने त्या मुक्कामाचा विषय कधी म्हणजे कधीच काढला नव्हता.

“मियां सांगलंय तेंका,” ती घाईने म्हणाली. “माझ्याकडसूनच ऐकला तेंनी.”

“गप गो,” बाबली म्हणाला. त्याने खाली पडलेली ताडपत्री उचलली, दिव्यावर नीट पांघरली आणि मग तो भागीदारांकडे वळला.

“वेंगुर्ल्याक मी गेलंयच नाय, गंगाराम. बोटीर होतंय. माझ्या पोरीक खोटा जमणा नाय. ता माका जमता.”