धुराड्याची भिंत

अव्वा, म्हणजे आई, गेल्यापासून चुलीवर पत्रा झाकलेला दिसे, म्हणून श्रीशैलने स्वयंपाकघरात पुढे आलेली धुराड्याची भिंत काढायचं ठरवलं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटवरून वडिलांच्या जुन्या घरी येताना तो गवंडी घेऊनच आला. अप्पा एवढंच म्हणाले, "तुमच्या सोयीनं करा."

धनाजी गवंड्याने खर्च सांगितला. "तीस हजार. वर लोखंडी गर्डर टाकावा लागंल, न्हाईतर माळा खाली येतोय की." मग ठोकून बघायला त्याने भिंतीवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. "चूल बंद हाय म्हणताय, मालक? भिंत तर लई तापलीय."

श्रीशैलने अप्पांकडे पाहिलं. दर रविवारी तो भेटायला आला की अप्पा त्याच्या हातात कडक भाकरीचा पुडा देत. बाजारातली आहे म्हणत. आजचाही पुडा हातातच होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"म्हातारा एकटाच चूल फुंकतोय हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फ्लॅटवर नेलं असतंस." अप्पांनी चुलीवरचा पत्रा बाजूला सरकवला. "आणि सांगायचं काय? अजून तिच्यासारखी होत नाही. कडेला करपते."

श्रीशैलने पुडा उघडून एक तुकडा मोडला. कड करपलेलीच होती. दुकान बदला, असं तो अप्पांना आज सांगणार होता.

"धनाजी," तो म्हणाला, "धुराडं नुसतं साफ करून द्यायचं किती?"