काचांवरचे डाग

“बाबा, खरं सांगा. टाकीत नळाचं पाणी घातलंत ना?”

लेकीच्या आवाजात राग कमी आणि रडू जास्त होतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या समुद्री टाकीतले खडक हिरव्या शेवाळाने बरबटले होते. तिचं लाडकं गुलाबी प्रवाळ मूठ आवळल्यासारखं मिटून बसलं होतं. आणखी आठवडाभर असंच चाललं तर ते हातचं जाणार, हे बाबांनाही दिसत होतं.

“एक थेंब नाही,” बाबा म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? बाबांची तीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेलेली. “अख्खं शहर माझं पाणी पितं, आणि तुझ्या प्रवाळाचे एवढे नखरे?” हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं. नळाचं पाणी प्रवाळाला सोसत नाही म्हणून लेकीने भिंतीवर शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं, तेव्हापासून ते नाक मुरडत होते. यंत्र जे क्षारांचं पाणी बाहेर टाकतं, ते बादलीत धरून बाबा खिडक्या पुसत. पाणी वाया गेलेलं त्यांच्या जिवाला लागे.

लेक कामावर गेली. बाबा धुसफुसत फडकं घेऊन खिडकीशी गेले आणि थबकले. काच लखलखीत होती. पूर्वी वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उठायचे. गेल्या दोन महिन्यांत एकही नाही. टाकाऊ पाण्याने असं कसं होईल?

आता त्यांना चैन पडेना. दोन महिन्यांपूर्वी लेकीने यंत्राचा फिल्टर स्वतः बदलला होता. “बाबा, टाकीच्या पाण्याचं पिंप बघा कसं भराभर भरतंय!” म्हणून केवढी खूश झाली होती. त्यांची बादली मात्र तेव्हापासून रडतखडत भरत होती. बाबांनी लेकीचा पाण्यातले क्षार मोजायचा मीटर काढला. आधी पिंपात बुडवला. चारशे दहा. मग बादलीत. शून्य.

लेकीने नळ्या उलट्या लावल्या होत्या. शुद्ध पाणी बादलीत, टाकाऊ पिंपात.

बाबा खुर्चीत बसून पोटभर हसले. संध्याकाळी तिला कसं खिंडीत गाठायचं, त्याची वाक्यंसुद्धा जुळवली. मग त्यांची नजर त्या मिटलेल्या प्रवाळावर गेली. आपल्याच हातांनी आपण हे केलं, हे पोरीला कळलं तर? ते उठले, नळ्या बदलल्या आणि पिंपातल्या पाण्याने सगळा जिना धुऊन काढला.

“चुकलं माझं,” ते संध्याकाळी म्हणाले. “घालत होतो नळाचं. आता नाही घालणार.”

लेक चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. पण रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिली. दीड महिन्याने शेवाळ हटलं आणि एका सकाळी प्रवाळ पुरतं उमललं. ती टाकीसमोर फतकल मारून बसली, किती तरी वेळ हसत राहिली. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

“बाबा, काचांवर हल्ली हे डाग कसले हो?”

“नळाचंच पाणी ना ते, बाळा,” बाबा फडकं पिळत म्हणाले. “त्याचा काही भरवसा नाही.”