अंजिराची साल

"आहे का जिवंत?" आस्तानं उशीवरून विचारलं.

"आतून हिरवं आहे," टोर्किल म्हणाला.

"खरं सांग. थाप मारलीस की कान लाल होतात तुझे."

"मग बघ ना कान."

ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली. त्यानंतर तिनं चार चमचे सूप घेतलं.

तेवीस हिवाळे कुंडीतलं ते अंजिराचं झाड गोठू नये म्हणून आस्ताच तळघरात नेत आली होती. तिच्या नवऱ्यानं, टोर्किलनं, कधी हात लावला नव्हता. या वर्षी तिनं शुश्रूषागृहातल्या खाटेवरून सगळं सांगितलं. महिन्याला पेलाभर पाणी, जास्त नको. पानं झडून नुसत्या काटक्या दिसतील, घाबरू नकोस. शंका आली तर नखानं साल खरवड. हिरवं निघालं तर झोपलंय, तपकिरी निघालं तर गेलं.

डॉक्टरांच्या मते ती ऑगस्टपर्यंत काढेल. जुन्या फांद्यांवरची अंजिरं ऑगस्टातच पिकतात. तिला त्यातलं एक खायचं होतं.

ती रोज विचारायची. टोर्किलनं डेन्मार्कमधल्या स्वेंडबोर्गच्या बंदरात चाळीस वर्षं दर सकाळी पाण्याची पातळी मोजली होती. कालचा आकडा आज सांगणं त्याला जमत नसे. तो रोज तळघरात उतरायचा आणि नवी जागा खरवडायचा. आधी नखाएवढी. आस्ता खालावत गेली, तसा ओरखडा लांबत गेला.

एप्रिलच्या शेवटी शेजारची बोडिल मदतीला आली. दोघांनी कुंडी ढकलगाडीवर चढवून अंगणात आणली. उन्हात बोडिल खाली वाकली आणि तशीच थांबली. एकूण एक फांदी सोललेली होती. खोडसुद्धा, खालपर्यंत. उघडं लाकूड वाळून करडं पडलं होतं.

"उंदीर शिरले होते का रे तळघरात?"

"नाही."

तिनं त्याच्या नखांकडे पाहिलं. "अरे बाबा, एकदा बघायचं असतं ते."

"ती रोज विचारते."

बोडिलनं कुंडीतली माती चाचपली. "मुळातून फुटेल कदाचित," ती म्हणाली. "फळ धरायला मात्र दोन-तीन वर्षं."

टोर्किल गुडघ्यांवर बसला. मातीला लागून बोटभर साल शिल्लक होती. भेटीची वेळ होत आली होती. आज काय सांगायचं, ते अजून ठरायचं होतं.

त्यानं तिथं नख लावलं.